दूध सोडा

पनवेल, १९ नोव्हेंबर १९५६

सौ. वेणूबाई यांस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. थोरलीने द्यायचा असतो, म्हणून दिला.

आबा काल दुपारच्या एस.टी.ने पोचले. एवढे कळवायला कार्ड पुरले असते. पण कार्ड पोस्टमन वाचतो, तुझ्या चाळीतल्या बायकाही वाचतील, आणि मला लिहायचे आहे ते चारचौघींत वाचण्यासारखे नाही.

आबांचे पोट मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे म्हणून दिवाळीला तू त्यांना मुंबईला नेलेस. तुझे मालक दवाखान्यात कंपाउंडर, डॉक्टर त्यांच्या ओळखीचे, तेव्हा मी आडवी आले नाही. जाताना आबांचा चेहरा पिठासारखा होता. आता रंग आला आहे. हे मी आपण होऊन लिहिते, नाहीतर म्हणशील ताईला दिसतच नाही. समोरची गुणाबाई त्यांना पाहून दारातूनच म्हणाली, "मुंबईचा पानी मानवला हो आबांना." ती बोलून मोकळी झाली, झोंबले मला. म्हणजे पनवेलचे पाणी काय बाधत होते?

रात्री पानावर बसले. नेहमीचा मऊभात, मुगाचे पातळ वरण, वर तुपाचा थेंब. दोन घास गेले नाहीत तोच सुरू झाले, "वेनूकडं जेवलो का सोडा पियाचो. गोटी फट्ट करून आत जायची. येक ढेकर, का पोट हलका." मी ऐकून घेतले. निजताना दुधाचा पेला दिला तेव्हा पुन्हा सोडा. सकाळी चूळ भरताना पुन्हा सोडा. आमचे हे गिरणीवर जायला निघाले होते, त्यांनाही उंबऱ्यात थांबवून सोडा सांगितला.

वेणू, आई गेल्यापासून या माणसाचे पोट मी सांभाळते आहे. त्यांचा जन्म मिठागरावर मुकादमी करण्यात गेला, जेवणाला वेळ नव्हती की काळ नव्हता, त्यातून हे दुखणे आले. जरा काही खाल्ले की पोट नगाऱ्यासारखे होते, करपट ढेकरा येतात, रात्ररात्र कूस बदलतात. माझ्या घरात मिरची कमी झाली, वाल गेले, आंबोशी गेली. सुकट भाजायची झाली तर मी गुणाबाईच्या चुलीवर भाजून आणते, आबांना वास लागून इच्छा होऊ नये म्हणून. आमच्या ह्यांनी अळणी कालवण खायला लागल्यापासून माझ्याशी धड बोलणे टाकले आहे. आणि आबांच्या पोटाला आधार हवा म्हणून मी चंद्री म्हैस पाळली. सकाळी एक पेला, रात्री एक पेला, साय काढून, सुंठ घालून. शेणामुताची धनी मी, वैरणीची चिंता मला. इतक्या वर्षांत माझ्या मऊभाताचे नाव या तोंडातून कुणी ऐकले नाही, आणि तुझ्या एका बाटलीचा डंका उरण नाक्यापर्यंत.

तुझे जुनेच आहे हे. लहानपणी बाजारात सोड्याची बाटली फुटली, आबांनी काचेतली गोटी उचलून तुला दिली. माझ्या पायाला काच लागली होती. "हौसा मोठी हाय, तिना काय करायची गोटी," असे ते म्हणाले. मी तेव्हा आठ वर्षांची मोठी होते.

तू आबांबरोबर चिठ्ठी दिलीस ती वाचली. "आबा इथे सोडाच पितात. त्यांना इथली हवा मानवते, तर कायमचेच इकडे राहू देत." सोडाच, म्हणे. तो 'च' कशाला लिहिलास ते मला कळते. आबा कुठेही येणार नाहीत. त्यांचे बिऱ्हाड इथे आहे. डॉक्टर काय म्हणाले ते मागाहून लिहिते असे म्हणालीस, ते कळव. तेवढेच कळव, वर फोडणी नको.

हौसा

*

पनवेल, २८ नोव्हेंबर १९५६

सौ. वेणूस,

तुझे कार्ड मिळाले. तेवढेच कळव म्हटले, तर खरेच तेवढेच कळवलेस. "डॉक्टर म्हणाले, दूध सोडा. महिनाभर नेमाने करावे, पोटाला आराम पडेल. बाकी पथ्य तू करतेस तेच. आबांना माघात पुन्हा पाठव." बस. खाली सही. बहिणीला कशी आहेस म्हणून विचारायला शाई संपली.

आधी त्या शेवटच्या ओळीचे बोलू. माघात पाठव, आणि मग फाल्गुनात, आणि मग राहू दे, हे मला कळत नाही असे समजू नकोस. आबा म्हणजे काय आलटून पालटून वापरायची पैठणी आहे? तुला वेळ जात नाही हे मला समजते. घरात पाळणा हलत नाही, रडणारे-हागणारे कोणी नाही, दिवस खायला उठतो, म्हणून म्हाताऱ्याला खेळवायला हवे झाले आहे. माझ्याकडे पोटची भामा आहे, म्हैस आहे, गिरणीवरून भुकेने येणारा माणूस आहे, आणि त्यातून मी आबांचे करते. करणे त्याला म्हणतात.

आता औषधाचे. तुझ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांग. मी इतकी वर्षे गळा फोडून सांगते आहे की या पोटाला दुधावाचून दुसरे औषध नाही, आणि शेवटी मुंबईच्या एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी तेच सांगितले. दूध-सोडा. सोडा तुझ्याकडचा असेल, पण दूध माझ्या चंद्रीचेच लागले की नाही? वाचून मला हसू आले. आमचे हे म्हणाले, कार्ड वाचून हसणारी तू पहिलीच.

त्याच दिवशी मी बाजारात झकेरियाकडे गेले. त्याचा सोड्याचा कारखाना तू पाहिला आहेस. कारखाना म्हणायचे, एक खोली, मधे हाताने फिरवायचे यंत्र आणि भिंतीभर बाटल्या. त्याची बायको सुगरा बाटल्या धूत होती. मी म्हटले, महिनाभर रोज बाटली पाहिजे, दुधात घालायला. झकेरियाने यंत्र थांबवले.

"कुनासाठी, हौसाबाय?"

"आबांसाठी."

"तोबा. दूध-सोडा जवान पोरा पितात, ईदच्या दिसी, शर्यत लावून. तुळशीरामशेट बुजुर्ग मानूस. त्यांच्या पोटाची तर्‍हा सगल्या बाजाराला ठाव हाय."

"मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टर बोलला तर मी कोन? न्या, बिस्मिल्ला करा." मग त्यानेच रीत दाखवली. दूध गार हवे, पेला तिरपा धरायचा आणि सोडा वरून हळूहळू सोडायचा, नाहीतर फेस उतू जातो.

घरी येऊन मी केला. काय फेस आला, वेणू. पेल्याच्या काठापर्यंत पांढराशुभ्र, चंद्रीच्या धारेला येतो तसा. आबांनी पेला हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"ह्या काय गो?"

"डॉक्टरांनी सांगितलेलं. तुमच्या वेणूचं कार्ड आलंय."

"वेनूनं लिवला? दूध घ्या म्हनून?"

"हो. दूध-सोडा."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "तुमी दोघी बोलता तर मंग दे." आणि एका दमात प्याले. नंतर ढेकर दिली ती गुणाबाईला ऐकू गेली.

तेव्हा आता सोड्याचे नाव निघाले तर त्यात निम्मे नाव माझे. राग मानू नकोस.

हौसाताई

*

पनवेल, १६ डिसेंबर १९५६

वेणूस आशीर्वाद,

उत्तर नाही. मागचे पत्र टाकून पंधरवडा उलटला. मी रोज दुपारी पोस्टमनची वाट बघते असे नाही, पण तो या आळीत आला की दिसतोच, आणि मान हलवून पुढे जातो. आमचे हे म्हणतात, तू काहीतरी लिहिले असशील. मी म्हटले, खरे ते लिहिले. मला वाटते तुझ्या पोटात दुखते आहे. आबांना आता सोड्यासाठी मुंबई लागत नाही, घरबसल्या मिळतो आणि दुधासकट मिळतो, हे तुला सोसत नाही. दुखू दे. पोटाचे डॉक्टर तुझ्या घरचेच आहेत.

आबा दूध-सोडा नेमाने घेतात. महिना पुरा करायचा आहे. चार-सहा दिवस छान गेले. मग पोटात गुरगुर वाढली. मी म्हटले, औषध लागू पडताना आधी खळबळ होतेच. वैद्यबुवा काढा देतात तेव्हाही होते. म्हणून एका पेल्याचे दोन केले, सकाळचे साधे दूधही त्यातच घातले. सुगरा बाटल्या देताना म्हणाली, "हौसाबाय, मेरा सुनो, नुसता सोडा द्या, नाय तर नुसता दूध. दोन्ही लढतात आत." मी म्हटले, तुला काय कळतंय डॉक्टरी. ती गप्प बसली. त्यांच्या घरात गप्प बसायची चाल चांगली आहे.

आबा अलीकडे खाडीकडे फिरायला जात नाहीत. थंडी पडली आहे. पहाटे लोटी घेऊन जातात ते एकदा नाही, दोनदा-तीनदा, पण म्हाताऱ्या माणसाला व्हायचेच. धोतर जरा सैल झाले आहे. मी दोन निऱ्या जास्त घालायला सांगितल्या. भात उरवतात. मी उरवू देत नाही.

एक मात्र सांगते. आता ते "वेनूकडं" असे म्हणत नाहीत. एकदाही नाही. पेला पुढे केला की डोळे मिटतात, पितात आणि पेला पालथा करून मला दाखवतात, भामा शाळेची पाटी दाखवते तसे. मग मी म्हणते, कसं वाटतंय? "बरा हाय," म्हणतात.

काल आमचे हे जेवताना मला म्हणाले, "त्यांना एकदा विचार तरी, नको आहे का म्हणून." मी विचारले नाही. नको असते तर बोलले असते. तुझ्याकडे बोलत होते ना, सोडाच हवा म्हणून? मग माझ्याकडेच काय मिठाची गुळणी धरली आहे?

दोन ओळी टाक. आबांसाठी नको, माझ्यासाठीच टाक.

ताई

*

पनवेल, २७ डिसेंबर १९५६

वेणू,

कार्डच लिहिते, पोस्टमन वाचेना का. आबा काल परसाकडून येताना अंगणात बसले ते उठवेनात. ह्यांनी उचलून आणले. हलके लागले म्हणतात, भामाएवढे. इथले डॉक्टर आले, पोटात पाणी टिकत नाही म्हणाले, काय खायला घालता विचारले. मी सगळे सांगितले, दूध-सोड्याचे सांगताना मला उगीच भीती वाटली. ते म्हणाले, मुंबईच्या डॉक्टरांनी खरेच असे लिहून दिले आहे का? तुझ्या डॉक्टरांना ताबडतोब विचार. दूध-सोडा चालू ठेवायचा की कसे. रागावली असलीस तर मागाहून रागव. आधी विचार.

ताई

*

पनवेल, ८ जानेवारी १९५७

वेणे,

लहानपणी मी तुला अशीच हाक मारायची. तू रडायचीस आणि आई मला मारायची. आता आई नाही, तेव्हा ती हाक मारते आहे.

तुझी तार आली तेव्हा मी चंद्रीखाली बसले होते. तार म्हटल्यावर धार अर्धी सोडून उठले. ह्यांनी वाचली. "दूध बंद. पूर्ण बंद. पत्र येते." मी चरवीतले दूध हातात घेऊन तशीच उभी. पूर्ण बंद? मग महिनाभर नेमाने काय करायचे होते? ह्यांनी तुझे पहिले कार्ड फळीवरून काढले, मोठ्याने वाचले. डॉक्टर म्हणाले, दूध सोडा. पुन्हा वाचले, या वेळी दूध म्हणून थांबले आणि मग म्हणाले, सोडा. माझ्या हातून चरवी पडली. सगळे दूध अंगणात. कोंबड्या त्यात नाचल्या.

मी सातवी पास आहे, वेणू. आळीतल्या बायकांची पत्रे मी वाचून दाखवते. पण त्या दोन शब्दांत मला म्हैस दिसली, बाटली दिसली, झकेरिया दिसला. कुणी मला दूध सोडायला सांगत असेल हे दिसलेच नाही. माझ्या घरात आबांना देण्यासारखी एकच चीज होती, ती सोडा म्हणून कोण कसे म्हणेल?

मागून तुझे पत्र आले. डॉक्टरांनी तिथेच सांगितले होते म्हणतेस, की मुंबईत पोट बरे राहिले ते सोड्याने नव्हे, दूध नव्हते म्हणून. सोड्याने ढेकर येते, हलके वाटते, एवढेच. नाजूक पोटाला तोही रोज नको, वारा धरतो. हे सगळे तू लिहिणार होतीस. मी 'तेवढेच कळव' म्हटले म्हणून लिहिले नाहीस. आणि माझे ते अठ्ठावीस तारखेचे पत्र तू पाळण्यापर्यंत वाचलेस आणि मिटून डब्यात टाकलेस, सोळा तारखेचे तर फोडलेच नाहीस. पुढे दुधाचे होते. तू पुढे वाचले असतेस तर आबा अंगणात पडले नसते. पण मी मागे तसे लिहिले नसते तर तू पुढे वाचले असतेस. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी माझ्याच दारात येते.

आता आबांचे ऐक. घाबरू नकोस, ते बरे आहेत. दूध बंद, दूध-सोडा बंद. भाताची पेज, ताकाची निवळी, उकळून गार केलेले पाणी. चौथ्या दिवशी उठून बसले, काल भिंतीला धरून ओटीवर आले. तोंडावर पुन्हा रंग येतो आहे. त्या रंगाने मी दिवाळीनंतर किती जळले होते.

ते उठून बसले त्या दिवशी मी त्यांना विचारले. रागानेच विचारले, मला दुसरे येत नाही.

"आबा, दूध बाधतंय हे तुम्हांला कळत होतं की नाही?"

"कलत व्हता."

"केव्हापासून?"

"चंद्री आनलीस तवापासून."

"मग बोलायला काय झालं होतं?"

ते पेजेची वाटी फिरवत बसले. मग म्हणाले, "येका लेकीचा पानी मना चालत नाय. दुसरीचा दूध तरी कसा नाकारू गो?"

मला काही समजले नाही. मी म्हटले, कुठल्या लेकीचं पाणी चालत नाही?

"वेनूचा. तिला मूल नाय अजून. लेकीची कूस उजवंस्तवर बापानं तिच्या घरचा पानी पियाचा नाय. रीत हाय ती."

वेणू, ही रीत मला ठाऊक नाही असे नाही. पण मला लग्नाच्या वर्षातच भामा झाली. आबा बारशाला आले आणि माझ्या हातचे पाणी प्याले. ती रीत मला कधी टोचलीच नाही, म्हणून मी ती विसरले होते. तू कशी विसरशील?

मग त्यांनी सगळे सांगितले. रोज जेवताना ताटाखाली पैसा ठेवत होते ते. "भाताचा पैसा ठेवता येतं. पान्याचा काय ठेवू? पान्याचा पैसा कोन घेतो?" म्हणून जेवण झाले की जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे आणि पदरच्या पैशाने सोडा प्यायचे. गोळी घ्यायची तर सोड्याबरोबर, तहान लागली तरी सोडा. मला म्हणाले, "वेनू रोज सकालची माठ घासून भरायची. वर ओला फडका. मी उठून खाली जायला निंगालो का ती माठाकडं बघायची. बोलली नाय कधी. तिना वाटला असंल, आज तरी पितील."

मी उठून परड्यात गेले. चंद्रीच्या पाठीला टेकून उभी राहिले. मला गुणाबाईचे शब्द आठवले, मुंबईचा पानी मानवला. मला तुझी चिठ्ठी आठवली, आबा इथे सोडाच पितात. तो 'च' मला वाटला तू नाक वर करून लिहिलास. तू तो कसा लिहिला असशील ते मला त्या परड्यात कळले. मी त्या बाटलीवर इतकी जळले, आणि ती बाटली तुझ्या घरात माझ्या दुधाच्या पेल्यापेक्षा कडू होती. तू माझ्या दुधावर जळत असशील, माझ्या पाण्यावर जळत असशील, आणि वर मी तुला पाळण्याचे लिहिले. ते अक्षर माझेच आहे, नाकारता येत नाही. ते पत्र चुलीत घाल. मला क्षमा करावी असे मी लिहिणार नाही, तुला जमेल तेव्हा कर.

आबांना म्हटले, "आता ती रीत राहू द्या. तिच्याकडे पाणी प्या." तर मिठागराच्या बांधासारखे बसले. "रीत हाय. तुजी आय पन मानायची. लेकीला पाप लागतं, मना नाय." तीन दिवस मी मागे होते. रागाने झाले, रडून झाले. शेवटी परवा भामाला त्यांच्यासमोर जेवायला बसवले होते, तेव्हा मला सुचले.

"आबा, लहानपणी तुम्ही म्हणायचात, माय मरो पण मावशी उरो. ती म्हण खरी की खोटी?"

"खरी. म्हनून तर म्हनतात."

"मग भामा जितकी माझी तितकी वेणूची. मावशीला लेक आहे. तिचं घर बिनलेकराचं कसं?"

त्यांनी भामाकडे पाहिले. भामाने तोंडात घास धरून मान हलवली, तिला काय कळले देव जाणे. आबा म्हणाले, "तू वकील व्हायची, चुकून म्हशीमागं गेलीस."

मी म्हटले, "दूध सोडलंत. आता हेही सोडा."

"सोडा, सोडा. तुमी दोघी मिलून मना सगलाच सोडायला लावाल." आणि हसले, वेणू. दुखण्यातून उठल्यावर पहिल्यांदा. मग म्हणाले, "भामाच्या हातानं दे म्हनावा. तिच्या हातचा पितो."

तर संक्रांत झाली की पुढच्या रविवारी आम्ही तिघे येतो. ह्यांना रजा नाही, आणि म्हशीला कुणीतरी हवेच. झकेरिया आबांची खबर घ्यायला आला होता, भामाला एका फुटक्या बाटलीतली गोटी देऊन गेला. ती मी तिच्याकडून काढून घेतली आहे. तुला आणणार नाही. ती माझी.

आबा तुझ्याकडे किती राहतील ते त्यांचे ते ठरवतील, मी तोंड उघडणार नाही. परत आल्यावर वेनूकडचा पानी कसा गोड व्हता हे मला पानावर सांगतील, निजताना सांगतील, सकाळी चूळ भरताना सांगतील. मी ऐकून घेईन. पोटात दुखेल, पण ऐकून घेईन.

भामाची उंची माठापर्यंत पुरत नाही, पाट ठेव. ओगराळे तू भर, पेला तिच्या हातात तू दे, तिच्या कोपराला तुझा हात असू दे. मी दारातच उभी राहीन.

माठ आदल्या रात्री घासून ठेव. सोडा मागवू नकोस.

तुझी
ताई